तुझा शुक्रवार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "बाबा, पुढच्या महिन्यापासून चारच दिवस ऑफिस, पगार तोच." आणि लगेच, "शुक्रवारी बाहेरचं एखादं काम धरते." तेव्हा मी काही बोललो नाही. रात्री झोप लागेना, म्हणून हे पत्र.

तुझे आजोबा लालबागला गिरणीत साच्यावर होते. सहा दिवस दाढी उभ्याउभ्या, घाईत. हनुवटीवर कुठेतरी कापलेलं असायचंच. रविवारी मात्र चाळीच्या गॅलरीत पाट मांडायचे, कठड्याला आरसा टेकवायचे आणि वाटीतलं पाणी गार होईपर्यंत सावकाश दाढी करायचे. त्या दिवशी त्यांचा आवाजसुद्धा मऊ असायचा. आम्ही भावंडं हळूच जवळ सरकायचो. तो रविवारही कुणी आपणहून दिलेला नव्हता. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मागणी लावून धरली, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना तो मिळाला.

तुमच्या ब्रिटनमध्येच २०२२ साली ६१ कंपन्यांनी सहा महिने कामाचे तास कमी करून पाहिले, पगार न कापता. सुमारे २,९०० माणसं होती. शंभरातल्या ७१ जणांचा कामाने आलेला शिणवटा कमी झाला, ३९ जणांचा ताण उतरला. बहुतेक कंपन्यांनी ती पद्धत पुढेही चालू ठेवली. उलट, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५-४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय. शुक्रवारी दुसरं काम धरलंस की तू त्याच वाटेला लागलीस.

पाच दिवसांचं काम चार दिवसांत कोंबून रोज रात्री नऊपर्यंत बसू नकोस. आधी नको त्या मीटिंगा कमी करा, हे वरिष्ठांना स्पष्ट सांग. मला ते कधी जमलं नाही. सुट्टीच्या दिवशीही कचेरीच्या फायली घरी आणायचो. बेचाळिसाव्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली ती आजही चालू आहे. तुझ्या पाचवीच्या गॅदरिंगला मी नव्हतो. तू विसरली असशील, मी नाही विसरलो.

दुसरं काम घेऊ नकोस, बाळा. पहिले काही शुक्रवार नुसती झोप. कंटाळा आला तर येऊ दे. मग वाटलं तर पोहायला जा, शाळेत किती आवडायचं तुला.

आई विचारतेय, शुक्रवारी फोन किती वाजता करशील? मी तिला सांगितलंय, सोनू उठेल तेव्हा करेल. गजर लावू नकोस.

तुझे,
बाबा