बाबा, फायबरची का नाही घेतली?

ती. सौ. आई आणि ती. बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "या जुन्या लाकडी बोटीवर घातलेल्या एवढ्या पैशांत नवी फायबरची बोट आली असती ना?" तेवढ्यात नातवाने फोन ओढून घेतला आणि उत्तर राहून गेलं. तसंही फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

हो, आली असती. पण ती बिघडली की दुकानात नेऊन टाकायची आणि बिल भरायचं. ही सगळी उघडता येते. 1948ची, क्रिस-क्राफ्ट कंपनीची 17 फुटी मोटरबोट आहे, म्हणजे तुमच्याहून दोन वर्षांनी मोठी. कंपनी मूळची मिशिगनमधल्या अल्गोनॅकची. सेंट क्लेअर नदीकाठचं हे गाव आमच्यापासून तासाभरावर आहे. कंपनीची जुनी कागदपत्रं व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूजच्या मरिनर्स म्युझियममध्ये जपून ठेवली आहेत. बोटीचा नंबर कळवला की तिच्या कार्डाची प्रत मिळते, त्यात इंजिन कोणतं बसवलं, कुठल्या विक्रेत्याकडे पाठवली, हे असतं. तुमच्या चिपळूण आगारात प्रत्येक गाडीची फाईल असायची, अगदी तसं.

खरा खर्च झाला तळावर. वरून बोट चकचकीत होती, पण तळाच्या फळ्या उचकटल्या तर ओकच्या बरगड्या हाताने चुरगळत होत्या. मूळ तळाला फळ्यांचे दोन थर असतात आणि मध्ये कॅनव्हास. ते कॅनव्हास वर्षानुवर्षं ओल धरून बसतं आणि लाकूड आतून कुजतं. पितळी स्क्रूंचंही तेच. पाण्यात राहून पितळेतलं जस्त निघून जातं, स्क्रू आतून गुलाबी पडतो आणि पिळला की तुटतो. आता सगळे सिलिकॉन ब्राँझचे आहेत. बरगड्यांसाठी शेजारच्या आजोबांनी ओक वाफवायला शिकवलं. लांब लाकडी पेटीत वाफ सोडायची, इंचभर जाडीला तासभर ठेवायचं, आणि पट्टी बाहेर काढली की लगेच वाकवून क्लॅम्प लावायचे. उशीर झाला की ती ऐकत नाही. त्या दिवशी तुमचे जावई जन्मात पहिल्यांदा चपळाईने हलताना दिसले.

कॅनव्हासऐवजी मधल्या थरात 5200 नावाचं चिकट रसायन भरलं. वाळलं की रबरासारखं होतं. जुन्या पद्धतीवाले नाकं मुरडतात. मुरडोत. त्यांच्या बोटी थंडीनंतर पाण्यात उतरवल्या की फळ्या फुगून फटी बुजेपर्यंत पाणी आत येत राहतं, आणि मालक धक्क्यावर खुर्ची टाकून पंपाचा आवाज ऐकत रात्र काढतात. घरात दोन पोरं असताना मला हे प्रेम परवडणार नाही.

बाजूच्या फळ्या मात्र मूळच्याच आहेत, फिलिपिनी महोगनीच्या. त्या घासायला शनिवारी मंडळातली तीन-चार घरं यायची. वडे माझे, चहा ज्याचा त्याचा. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाकडाचं छोटं बुच ठोकतात, आणि त्याच्या रेषा फळीच्या रेषांशी जुळाव्या लागतात. नातवाने दोन आडवी ठोकली आहेत. ती मी काढू दिली नाहीत, आलात की शोधा. मग वॉर्निशचे हात, डझनभर तरी. दर हातानंतर घासायचं, पुसायचं, आणि ओल्यावर माशी बसली की तिच्या नावाने बोटं मोडायची.

आता इंजिन. सहा सिलिंडर, 95 अश्वशक्ती, पेट्रोलवर चालणारं. व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्येच सिलिंडरच्या बाजूला. रेडिएटर नाही. पंप तळ्याचं पाणी ओढतो, ब्लॉकमधून फिरवतो आणि धुरासोबत बाहेर टाकतो. म्हणून इथली थंडी पडायच्या आत ब्लॉक पूर्ण रिकामा करावा लागतो, नाहीतर आत बर्फ होऊन बीड तडकतं. तुम्ही एसटीतले डिझेलवाले खरे, पण घरच्या राजदूत मोटरसायकलचे ठिणगी पाडणारे पॉइंट तुम्हीच सेट करायचात आणि मी बॅटरीचा उजेड धरायचे. या डिस्ट्रिब्यूटरमध्ये तसेच पॉइंट आहेत. थंड असताना इंजिन एकसारखं चालतं, तापलं की मिसिंग करतं, म्हणजे मध्येमध्ये ठिणगी चुकते. कन्डेन्सर बदलला, प्लग बदलले. माझा संशय कॉइलवर आहे. तुमचा?

आई, तुला काय वाटतंय ते ठाऊक आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बोटीच्या तळाशी साचते. म्हणून चालू करण्याआधी इंजिनाचं झाकण उघडून वास घ्यायचा, वाफ बाहेर काढणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, चार मिनिटं चालवायचा आणि मगच चावी फिरवायची. हे काम धाकटीकडे आहे आणि ती घड्याळ लावून बसते, बापालाही सूट देत नाही. तुझ्या मापाचं लाइफ जॅकेट आणून ठेवलं आहे. तुझं वऱ्हाड वेलदूरहून दाभोळला होडीने गेलं, तेव्हा कुणी दिलं होतं का जॅकेट? आणि शालू नेसून बसली होतीस.

तेव्हा जूनमध्येच या. सप्टेंबर म्हणाल तर इथे संध्याकाळी स्वेटर लागतो. तिकिटं मी काढते, व्हीलचेअरही सांगून ठेवते, त्यावरून वाद नको. बाबांच्या गुडघ्यासाठी धक्क्याला कठडा आणि एक जादा पायरी बसवली आहे. औषधं तीन महिन्यांची घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या. आणि बाबा, तुमचा तो पॉइंटची फट मोजायचा जुना फिलर गेज आणा, पण मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत दिसला तर विमानतळावर काढून घेतील.

तुमची,
बेबी