शिवनेरीचे टाके आणि रणगाडा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत ‘टँक’ हा शब्द अस्सल इंग्रजी म्हणून छापलात, म्हणून हे पत्र. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली, त्यामुळे टाकीच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी गुजराती-मराठी ‘टांके’ उचलले, असे बरेच कोशकार मानतात. पोर्तुगीजांचा ‘तांके’ही त्यात मिसळला असावा. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतील शब्दांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात या दुहेरी कुळाची चर्चा आहे. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी पाहिलेल्या माणसाला अर्थातच एवढ्या चर्चेची गरज वाटत नाही!

खरी गंमत लढाईतली. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या लिंकन शहरात चिलखती गाड्या तयार होत होत्या. गुपित फुटू नये म्हणून त्यांना पाण्याच्या टाक्या म्हणायचे ठरले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत त्या उतरल्या, गुपित संपले, पण नाव चिकटले ते चिकटलेच. आपण मात्र ‘रणगाडा’ असा झकास शब्द केला. अमेरिकेत पोहण्याच्या तलावालाही टँक म्हणत, त्यावरून बिनबाह्यांचा टँक टॉप आला. आज तज्ज्ञांच्या अभ्यासगटाला म्हणतात तो ‘थिंक टँक’ म्हणजे आधी इंग्रजी बोलीभाषेत नुसते डोके. मुंबईच्या गवालिया टँकवर तर आता तळे दिसतच नाही, मैदान आहे.

तेव्हा दुरुस्ती छापावी. आणि किल्ल्यांवरच्या लेखांत ‘वॉटर टँक’ लिहिणे तेवढे थांबवा.

– एक निवृत्त पाणीपुरवठा कर्मचारी, जुन्नर