बाई, तुमच्या पेन्सिलीचे आभार

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तोंडावर आभार मानू देत नाही. "ते राहू दे, वह्या आणा" म्हणून विषय संपवता. म्हणून हे उघड पत्र. त्यात थोडा स्वार्थही आहे. आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी विद्यापीठांत प्रवेशासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, तयारीला लागलेली मुलं पुण्यात पेठांपासून वाकडपर्यंत जागोजागी आहेत, आणि रविवारच्या वर्गात तुम्ही जे करून घेता ते त्यांच्याही हाती पडावं असं आम्हाला वाटतं. आम्ही तुमच्याच हाताखाली वह्या तपासतो. तपशिलात काही राहिलं तर समासात खूण कराच.

पहिले आभार तुमच्या पहिल्या प्रश्नाचे. नवीन मूल आलं की त्याचं इंग्रजी कसं आहे हे तुम्ही विचारत नाही. विद्यापीठाने नेमकं काय मागितलंय ते छापून आणायला सांगता. अट बहुतेक वेळा अशी असते: एकूण बँड, म्हणजे गुणांची पातळी, ६.५ आणि एकाही भागात ६ च्या खाली नको. मुलं अर्धी अट वाचतात आणि सुटतात. मग तुम्ही फळ्यावर मांडता: लिसनिंग ६.५, रीडिंग ६.५, रायटिंग ५, स्पीकिंग ७. बेरीज २५, सरासरी ६.२५. पाव आला की वरच्या अर्ध्यावर जातं, म्हणून निकाल ६.५. एकूण बँड मिळाला आणि प्रवेश गेला, कारण रायटिंग पाचावर अडकलं. तेच ६.१२५ आलं तर खाली येऊन ६ होतं. एवढं गणित कळलं की चारही भागांना सारखे तास देण्याचा हट्ट मुलं आपणहून सोडतात.

त्याच बैठकीत पासपोर्टचा विषय निघतो. परीक्षेच्या दिवशी ओळख म्हणून पासपोर्टच लागतो, आधार कार्ड दाखवून भागत नाही. मुदत संपलेला पासपोर्ट घेऊन गेलं तर दारातूनच परत. त्यामुळे मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची फेरी आधी, परीक्षेची तारीख नंतर. आणि निकाल दोनच वर्षं धरला जातो. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला परीक्षा "उरकून टाकू" म्हणणाऱ्यांना तुम्ही घरी पाठवता ते योग्यच.

आता चुकांच्या वहीबद्दल. साधी लाँगबुक, प्रत्येक पानावर पेन्सिलीने आखलेले चार रकाने: ऐकू आलं नाही, ऐकलं पण स्पेलिंग चुकलं, शब्दमर्यादा ओलांडली, मागे राहिलो. पूर्ण सराव परीक्षा झाली की प्रत्येक चुकलेलं उत्तर यातल्या एका रकान्यात गेलंच पाहिजे. "चुकलं" एवढं लिहून चालत नाही. चार-पाच परीक्षांनंतर वही स्वतःच बोलते. बहुतेकांचा पहिला रकाना जवळपास रिकामा असतो आणि दुसरा भरून वाहतो. ऐकलेलं बरोबर असतं, पण 'टिकेट्स'चा शेवटचा एस कागदावर उतरलेला नसतो. सूचनेत दोन शब्दांची मर्यादा असते आणि उत्तरात तीन शब्द असतात. लिसनिंगमध्ये ४० पैकी २३ बरोबर आली की साधारण ६ बँड आणि ३० आली की ७. मध्ये सात उत्तरांचं अंतर, आणि ती सात उत्तरं बऱ्याचदा त्या दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यातच सापडतात. इंग्रजी सिनेमे बघून लिसनिंग सुधारण्याचा सल्ला शहरभर मिळतो. फुकट मिळतो म्हणून घ्यावा, पण हा एस सिनेमा बघून येत नाही.

ध्वनिफीत एकदाच वाजते. ती सुरू होण्याआधी मिळणाऱ्या काही सेकंदांत प्रत्येक रिकाम्या जागेपुढे 'आकडा', 'नाव', 'जागा' असं मनाशी ठरवून ठेवायचं, ही तुमची सवय. लिसनिंगच्या पहिल्या भागात फोनवरचं बोलणं असलं की हमखास एक गोष्ट होते. माणूस आधी मंगळवार म्हणतो, मग "नको, त्या दिवशी जमणार नाही, बुधवारी" असं बदलतो. घाई करणारा मंगळवार लिहून मोकळा होतो. नावांची अक्षरं सांगतानाही गडबड होते. ऑस्ट्रेलियन माणसाचा 'ए' आपल्या कानाला 'आय' लागतो, आणि शून्याला 'ओ' म्हटलेलं मुलांना अक्षर वाटतं. त्यासाठी रोज दहा परकी आडनावं आणि दहा फोन नंबर एकमेकांना सांगून लिहायचे, पंधरा मिनिटांचं काम. एखादं उत्तर निसटलं तर ते सोडून पुढच्यावर जायचं. चौथ्या भागात मध्ये थांबा नसतो, तिथे एका उत्तरासाठी रेंगाळलेला तीन घालवून बसतो. आणि संगणकावर शेवटी तपासायला २ मिनिटंच मिळतात. कागदावरच्या परीक्षेतली उत्तरं उतरवायची १० मिनिटं तिथे नसतात, हे जुन्या पुस्तकांवरून तयारी करणाऱ्यांना उशिरा कळतं.

रीडिंगमध्ये तीन उतारे, ४० प्रश्न, ६० मिनिटं. तिसरा उतारा जड असतो, म्हणून वेळेची तुमची वाटणी १७, २० आणि २३. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, त्यामुळे जागा रिकामी सोडणं हा तुमच्याकडे अक्षम्य अपराध. पण या भागासाठी खास आभार मानायचे ते पानशेतच्या उताऱ्याचे.

'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन' हा प्रकार हुशार मुलांनाही गोत्यात आणतो. फॉल्स म्हणजे उतारा त्या विधानाच्या विरुद्ध सांगतो. नॉट गिव्हन म्हणजे उतारा त्याबद्दल बोलतच नाही. हे पाठ असूनही चुका होतात, कारण मुलं उताऱ्याबाहेरचं ज्ञान घेऊन बसतात. म्हणून तुम्ही मुद्दाम पुण्याचाच विषय काढलात. उतारा दोन ओळींचा: १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याचंही फुटलं आणि नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरलं. पहिलं विधान, पानशेत १९६२ साली फुटलं. फॉल्स, सगळ्यांचं बरोबर. दुसरं विधान, पाणी शहरात रात्री शिरलं. निम्मा वर्ग ठामपणे फॉल्स लिहितो, कारण पूर दिवसाढवळ्या आला हे प्रत्येकाने आजीकडून ऐकलेलं असतं. उताऱ्यात वेळ कुठे आहे? नाही. मग नॉट गिव्हन. "आजी परीक्षेला बसलेली नाही," हे तुमचं वाक्य एकदा ऐकलेला मुलगा पुन्हा ती चूक करत नाही. नंतर तुम्ही सांगता की उत्तर लिहिण्याआधी उताऱ्यातल्या नेमक्या शब्दांवर बोट ठेवा. बोट ठेवायला जागा सापडली नाही तर ते नॉट गिव्हन. याहून चांगली कसोटी आम्हाला अजून मिळालेली नाही.

रायटिंगवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुमची पेन्सिलही तिथेच सगळ्यात जास्त झिजते. पहिल्या टास्कला, म्हणजे तक्त्याच्या किंवा आलेखाच्या वर्णनाला, किमान १५० शब्द आणि २० मिनिटं, दुसऱ्याला, म्हणजे निबंधाला, २५० शब्द आणि ४० मिनिटं. दुसऱ्याचं वजन दुप्पट. पहिल्यावर अर्धा तास घालवणारा स्वतःच्याच खिशातून पैसे देतो. प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं तर ते शब्द मोजले जात नाहीत, म्हणून पहिली ओळ स्वतःच्या शब्दांतच हवी.

पहिल्या टास्कसाठी तुम्ही पावसाळ्यातल्या वर्तमानपत्रांतून धरणसाठ्याचे तक्ते कापून ठेवता, ही कल्पना आम्हाला फार आवडली. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर: क्षमता अनुक्रमे १.९७, १०.६५, १२.८२ आणि ३.७१ टीएमसी (अब्ज घनफूट), शेजारी त्या दिवशीची टक्केवारी. मुलं एकेक धरण घेऊन आकडे वाचून दाखवतात. तुम्ही वही परत करता आणि विचारता, "मग बातमी काय?" बातमी अशी की खडकवासला शंभर टक्के भरलं तरी त्यातलं पाणी वीस टक्के भरलेल्या वरसगावपेक्षा कमी असतं. हे ज्याच्या लक्षात आलं त्याला टक्के आणि प्रमाण वेगळे वाचायला आले. त्याचा ओव्हरव्ह्यू, म्हणजे आकड्यांचा मुख्य सारांश, दोन वाक्यांत उभा राहतो, आणि ओव्हरव्ह्यू नसेल तर या टास्कला वरचा बँड मिळत नाही. पाऊस का कमी झाला, पालिकेने काय करायला हवं, हे लिहायचं नाही. मत द्यायची सवय पुणेकराला मोडायला अवघड जाते खरी. लाख आणि कोटीही नकोत: दीड लाखाचे १,५०,००० नव्हे, १५०,०००. स्वल्पविराम कुठे पडतो तिकडे मुलं बघतच नाहीत.

दुसऱ्या टास्कमध्ये "आजच्या आधुनिक जगात" आणि "तंत्रज्ञान ही दुधारी तलवार आहे" या दोन ओळींवर तुम्ही सरळ काट मारता. आपल्या शाळेतल्या निबंधाचा तो वारसा, फक्त इंग्रजीतून. काही ठिकाणी अख्खे परिच्छेद पाठ करून घेतात आणि मधे विषय बदलून बसवायला सांगतात. पाठ केलेला मजकूर परीक्षकाला ओळखू येतो आणि विषय थोडा वळला की उत्तर भरकटतं, गुण तिथे जातात. तुमची पद्धत संथ आहे. मुलाने लिहिलं, "मोबाइलमुळे मुलं एकटी पडतात." समासात पेन्सिलीने: "कशी?" त्याने एक वाक्य वाढवलं. पुन्हा: "कोणती मुलं? उदा.?" तिसऱ्या फेरीत तोच परिच्छेद नव्वद शब्दांचा होतो, आणि त्यात भरतीचा एकही शब्द नसतो. आराखड्याला पाच मिनिटं, शेवटी तपासायला चार. तपासताना सगळंच शोधायचं नाही, वहीतल्या आपल्या नेहमीच्या तीन चुका तेवढ्या शोधायच्या. मराठी घरातल्या मुलांच्या बहुधा त्याच असतात: 'द' आणि 'अ' गाळणं, एकवचनी क्रियापदाचा एस विसरणं, आणि 'डिस्कस'नंतर 'अबाउट' लावणं.

संगणकावर टाइप करताना स्पेलिंग कोणी सुधारून देत नाही. मोबाइलवर अंगठ्यांनी झरझर लिहिणारी मुलं की-बोर्डवर अडखळतात. म्हणून साध्या नोटपॅडवर, समोर घड्याळ लावून सराव हवा. शब्दसंख्या पडद्यावर दिसते, त्यामुळे मोजण्यात वेळ घालवायला नको.

स्पीकिंगबद्दल थोडक्यात. सगळी मुलाखत ११ ते १४ मिनिटांची. अ‍ॅक्सेंटला गुण नाहीत, समोरच्याला कळण्याला आहेत. उसना अमेरिकन आवाज काढणाऱ्याला तुम्ही पहिल्या वाक्यात थांबवता. 'व्ही' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'डब्ल्यू'ला ओठ गोल होतात. आरशासमोर पाच मिनिटं पुरतात. दुसऱ्या भागात विषयाचं कार्ड मिळतं आणि विचाराला एक मिनिट. त्यात वाक्यं लिहायची नाहीत, पाच-सहा शब्द लिहायचे आणि परीक्षक थांबवेपर्यंत बोलत राहायचं. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून 'अ‍ॅक्च्युअली' आणि 'बेसिकली' किती आले ते मोजलं की मुलं स्वतःच लाजतात. अभ्यासिकेत आवाज करता येत नाही, म्हणून सरावाच्या जोड्या तुम्ही नदीवरच्या झेड ब्रिजवर पाठवल्यात. तिथे संध्याकाळी दोघंदोघं बोलत बसलेले असतातच, त्यात आपले दोघं कोणाला खटकणार नाहीत, हे तुमचं म्हणणं खरं ठरलं. वाहनांच्या आवाजात स्पष्ट बोलायची सवय लागली, तो वरचा फायदा.

धरणांचे तक्ते आणि पानशेतचा उतारा नव्या तुकडीसाठी वापरायची परवानगी द्यावी. वह्यांचा गठ्ठा रविवारी नेहमीच्या वेळी घेऊन येतो.

तुमचे,
रविवारच्या वर्गातले सगळे

ता. क. फक्त रायटिंग राहिलेल्या मुलांबद्दल तुम्ही विचारलं होतं. संगणकावर परीक्षा दिली असेल तर एकाच भागाची फेरपरीक्षा मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत देता येते. मात्र सगळीच विद्यापीठं तो निकाल धरत नाहीत. त्यामुळे पैसे भरण्याआधी विद्यापीठाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यायला मुलांना सांगितलं आहे.