दादा गेल्यावर: लेकीला पत्र

सोलापूर

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

चुलतभाऊ गेला म्हटलं की ऑफिसात "सख्खा का?" असं विचारतात. सांत्वनाला येणारे काका-काकूंकडे, वहिनीकडे बघतात, तुझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. लग्न झालेल्या लेकीला चुलतभावाचं दहा दिवसांचं सुतकही नाही. पण म्हणूनच तुझे हात मोकळे आहेत, आणि त्या घराला आत्ता मोकळे हात हवेत.

सुट्टी दोनच दिवस मिळणार असेल तर लगेच धावत येऊ नकोस. सावडून होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, मग सगळे पांगतात. चौथ्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस धर.

जेवण भाऊबंद पोचवतात, पण ठरवून कुणी आणत नाही. कडू घासाला सगळेच पिठलं-भाकरी आणतात, निम्मं वाया जातं, आणि पाचव्या दिवशी एकही डबा नसतो. घरच्या ग्रुपवर वार लावून दे. 15 माणसांना, माणशी दोन भाकरी धरून, ज्वारीचं पावणेतीन किलो पीठ आणि पिठल्याला अर्धा किलो बेसन लागतं. पिठलं पातळच ठेवायला सांग, डबा पोचेपर्यंत त्याचा गोळा होतो. कडक भाकरी नि शेंगाचटणीचा एक डबा वेगळा ठेव. जागरणाच्या घरात भूक अवेळी लागते.

दहाव्याला वहिनीजवळ बस. बांगड्या, कुंकू, मंगळसूत्र यावरून एखादी म्हातारी बोलतेच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये विधवेच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं आवाहन केलं. हे तिथं ऐकवू नकोस, भांडण पेटेल. आधी वहिनीला काय हवंय ते विचार, मग आदल्या दिवशी काकूंच्या कानावर घाल. सासू "नको" म्हणाली की बाकीच्या गप्प बसतात.

आणि फोटो! घाईत आधारकार्डावरचा मोठा करून आणतात, मग तोच वर्षानुवर्षं भिंतीवर राहतो. तुझ्याकडे गड्ड्याच्या यात्रेतला त्याचा हसरा आहे, तो दे.

कागदांचं काम काकांच्यानं होणार नाही. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत व्हायला हवी. त्यानंतर विलंब शुल्क, महिना उलटला की परवानगीचे हेलपाटे. दवाखाना नोंद कळवतो, तरी अर्जावरचं नाव आधारकार्डाशी अक्षरन् अक्षर ताडून बघ. आडनावात एक वेलांटी चुकली की बँक दाखला परत करते. दाखल्याच्या सात-आठ प्रती काढ. दादाचं सिम इतक्यात बंद करू देऊ नका, ओटीपी त्यावरच येतात. एटीएमवरून मात्र कुणीही पैसे काढायचे नाहीत, पुढे वारसांत तेच भांडणाचं मूळ होतं. पासबुकात मे-जूनच्या सुमारास 436 रुपये कापलेले दिसले तर पंतप्रधान जीवन ज्योती विमा चालू असणार, म्हणजे वारसाला दोन लाख. पुष्कळ घरांत हे कुणाला ठाऊकच नसतं. पीएफ असेल तर त्याला जोडलेल्या ईडीएलआय विम्याचंही विचार, त्याचे पैसे पगारातून कापले जात नाहीत म्हणून तो लक्षात येत नाही.

वर्षश्राद्ध तिथीनं येतं, तारखेच्या मागेपुढे. आत्ताच लिहून ठेव. पहिल्या सणाला आपण गोड घेऊन तिकडे जायचं. राखीला तुला जड जाणार. तेव्हा घरी एकटी बसू नकोस, त्याच्या पोरांकडे जा, त्यांची आत्या तूच.

काकूंसमोर रडू आलं तर आवरू नकोस. त्या अजून रडलेल्या नाहीत, आल्यागेल्याला चहा देत फिरताहेत. तू रडलीस तर त्याही मोकळ्या होतील. नंतर दर रविवारी काकांना फोन कर. त्या घरची खबर दादाकडूनच कळायची, आता विचारल्याशिवाय काही कळणार नाही. बोलायला सुचलं नाही तर पाऊसपाणी विचार, ते बोलतील.

तिकीट काढलंस की कळव, बाबा स्टेशनवर येतील.

तुझी
आई