शिक्का नसलेली चहादाणी

बर्मिंगहॅम,
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

रविवारी बाबांनी फोनवर विचारले की, चहादाणीच्या बुडाला शिक्का नाही, आकडा नाही, साधे अक्षरही नाही, मग ती कुठली हे तू कशावरून सांगतेस? बाबांना फोनवर हल्ली नीट ऐकू येत नाही आणि हा विषय ओरडून सांगण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते. सोबत फोटो पाठवत आहे. ते भिंग घेऊन पाहावेत.

जुन्या वस्तूंच्या ज्या दुकानातून ती घेतली, तिथे तिच्यावर ‘वूस्टर, १७७०’ अशी चिठ्ठी लावलेली होती, म्हणजे वूस्टर गावच्या चिनी मातीच्या कारखान्यातली. चांदीच्या भांड्यांचा घाट उचलून केलेली, लांबट गोल, अंगावर उभ्या पन्हळी असलेली, सरळ तोटीची ही चहादाणी मला त्या चिठ्ठीमुळे नव्हे, तर घाटामुळे आवडली. चिठ्ठीबद्दल मात्र तिथेच शंका आली, कारण असा चांदीच्या धर्तीचा पन्हळीदार घाट इथे साधारण १७८० नंतर, विशेषतः १७९० च्या आसपास लोकप्रिय झाला.

घरी आणल्यावर पहिली गोष्ट मी आईने शिकवलेली केली. मिरजेच्या बाजारात लोणच्याची बरणी घेताना आई बरणी तळहातावर धरून तिला बोटाच्या पेराने टिचकी मारायची, कान जवळ नेऊन ऐकायची आणि आवाज बसका आला की एक शब्दही न बोलता ती परत ठेवायची. मीही चहादाणी तशीच धरली. झाकणाचा आवाज स्वच्छ, घंटेसारखा आला. चहादाणीचा मात्र कानाच्या, म्हणजे धरायच्या मुठीच्या, बाजूने बसका आला. भिंगातून पाहिले तेव्हा कान जिथे अंगाला जोडला आहे तिथून केसाएवढी चीर खाली उतरलेली दिसली आणि त्या चिरेवर तारेचे तीन टाके होते. पूर्वी तुटलेले चिनी मातीचे भांडे सांधणारे कारागीर भांड्याच्या जाडीत निम्म्यापर्यंतच बारीक भोके पाडून त्यांत तारेचे आकडे घट्ट बसवत. आतल्या बाजूला त्याची खूणही दिसत नसे. कोणीतरी ही चहादाणी फेकून न देता पैसे देऊन सांधून घेतली होती. आई, हे पाहिल्यावर ती परत करावी असे मला वाटले नाही.

नंतर मातीची परीक्षा. अंधाऱ्या खोलीत चहादाणीच्या आत छोटी बॅटरी ठेवली, तर उजेड अंगातून बाहेर आला. म्हणजे हे अपारदर्शक, भुरकट पांढऱ्या मातीचे भांडे नव्हे हे ठरले. स्टॅफर्डशायरचा नामांकित कुंभार वेजवुड याची पिवळसर ‘क्रीमवेअर’ किंवा तिच्यानंतरची निळसर झाक असलेली ‘पर्लवेअर’ अशा उजेडाला दाद देत नाही. पर्लवेअरची आणखी एक ओळख म्हणजे बुडाच्या कडेला जिथे झिलई साचते तिथे निळा रंग दिसतो. या चहादाणीत तो नाही. वूस्टरचे काय? त्या कारखान्यात मातीमध्ये शंखजिऱ्याच्या जातीचा दगड घालत, त्यामुळे भांडे कढत पाणी सोसत असे. पण अशा भांड्यातून आलेला उजेड हिरवट असतो आणि बुडाच्या कडीच्या आतल्या बाजूला झिलई थोडी मागे सरलेली आढळते. माझ्या चहादाणीत यातली एकही खूण नाही. चिठ्ठी फाडून टाकली.

राहिले हाडांची राख घालून केलेले ‘बोन चायना’. १८०० च्या सुमारास स्टॅफर्डशायरच्याच स्पोड कारखान्याने ते यशस्वी केले. त्यात निम्म्याच्या आसपास राख असते, अंग शुभ्र असते आणि झिलई पातळ असते. या चहादाणीचे अंग त्या मानाने करडे आहे, झिलई जाड आहे आणि भिंगाखाली तीत बारीक बारीक बुडबुडे दिसतात. गुलाबी फुलांच्या पाकळ्यांवरून बोट फिरवले तर रंगाचा उंचवटा बोटाला जाणवतो, म्हणजे तो झिलईत मुरलेला नाही, वर बसलेला आहे. दोन ठिकाणी त्याचा टवका उडालाही आहे. कठीण झिलईवर रंग असाच बसतो. हा चिनी मालाचाही गुण आहे, म्हणून चीनमधून आलेली चहादाणी आहे का हेही तपासावे लागले. पण चिनी मालाच्या बुडाच्या उघड्या कडेवर बहुधा जो तांबूस भाजल्याचा रंग असतो, तो इथे नाही.

बाबा, आता मुख्य मुद्दा. अशी कठीण, करडी, इंग्लंडच्या मातीची भांडी करण्याची गोष्ट प्लायमाउथपासून सुरू होते. विल्यम कुकवर्दीने कॉर्नवॉलची पांढरी माती आणि दगड वापरून १७६८ मध्ये पेटंट घेतले. पुढे ते ब्रिस्टलच्या रिचर्ड चॅम्पियनकडे गेले. १७७५ मध्ये त्याने पार्लमेंटकडून त्याची मुदत १७९६ पर्यंत वाढवून घेतली, तेव्हा वेजवुडने मोठा विरोध केला. शेवटी तडजोड झाली आणि अपारदर्शक भांड्यांसाठी कॉर्नवॉलची माती इतरांनाही वापरता येऊ लागली. १७८१ मध्ये पेटंट स्टॅफर्डशायरच्या काही कुंभारांनी एकत्र येऊन विकत घेतले आणि त्यातूनच आजच्या स्टोक-ऑन-ट्रेंटमधील शेल्टनला ‘न्यू हॉल’ कारखाना उभा राहिला. १७८४ मध्ये चहावरचा कर सुमारे ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आला. चहा स्वस्त झाला आणि चिनी सेटइतके महाग नसलेले चहाचे सेट मध्यम घरांनाही हवे झाले. माझी चहादाणी त्याच मागणीच्या काळातली आहे. न्यू हॉलने १८१२ च्या आसपास बोन चायना स्वीकारले, म्हणजे हे करडे अंग त्याआधीचे.

पण घाट आणि नक्षी जुळली म्हणून कारखाना ठरत नाही. पेटंटची मुदत संपल्यावर तर अनेकांनी याच मातीत, याच घाटात, याच फुलांची भांडी केली. शिक्का मारणे तेव्हा सक्तीचे नव्हते आणि कारखान्याचे नाव गिऱ्हाइकाला कळावे अशी दुकानदारांचीही फार इच्छा नसे. देशाचे नाव लिहिणे पुढे अमेरिकेच्या कायद्यामुळे १८९१ पासून सर्रास झाले. न्यू हॉलच्या अनेक चहादाण्यांवर नक्षीचा क्रमांक हाताने लिहिलेला असतो, पण तोही पुरावा नव्हे, कारण दुसरे कारखाने आपापले क्रमांक घालत. अशा मालाचा अभ्यास करणाऱ्यांनी न ओळखलेल्या कारखान्यांना एक्स, वाय, झेड अशी नावे दिली. त्यांतला एक्स पुढे त्याच भागातल्या टन्स्टॉलच्या अँथनी कीलिंगचा असावा असे मानले गेले. मला ही पद्धत फार प्रामाणिक वाटते.

म्हणून मी मागच्या शनिवारी स्टोकमधल्याच हॅन्लीला गेले. तिथल्या पॉटरीज म्युझियममध्ये काचेआडच्या चहादाण्या पाहिल्या. तोटीच्या आत पानं अडवण्यासाठी जी भोके असतात, ती किती आणि कशा मांडणीत आहेत हे जाणकार पाहतात. माझ्या चहादाणीची भोके मी आतून फोटो काढून, कागदावर ठिपके मांडून नेली होती. काचेतून आतली भोके दिसत नाहीत, एवढे मात्र तिथे गेल्यावरच लक्षात आले. तोटीचा कोन आणि कानाचे वळण बरेच जुळले. झाकणाची घुंडी जुळली नाही.

त्यामुळे मी एका कागदावर लिहून ठेवले आहे: ‘स्टॅफर्डशायर, सुमारे १७९० ते १८००, न्यू हॉलच्या धर्तीचे, कारखाना निश्चित नाही.’ हा कागद मी चहादाणीतच घडी करून ठेवला आहे. आईने विचारले होते म्हणून सांगते, मी त्यात चहा करत नाही आणि करणारही नाही. जुन्या रंगांत शिसे असते, शिवाय चीर आहेच.

आई, त्या तीन टाक्यांचा फोटो वेगळा काढून पाठवला आहे. तो भिंगाने पाहून, मधला टाका तुला बाकीच्यांपेक्षा नवा वाटतो का, हे कळव. मला तो वाटतो, पण तुझी नजर चांगली आहे. बाबांनी भोकांचा कागद पाहून मांडणी मी नीट मोजली आहे का ते तपासावे. माझ्या मोजणीत एकदा नऊ आली आणि एकदा दहा.

आपली लेक