कंपन्यांचा टॅक्स गेला, आमचा वाढला

संपादक साहेब, तेल कंपन्यांवर टॅक्स लय झाला म्हणणाऱ्यांना एक विचारायचंय. जुलै 2022 मध्ये देशातल्या क्रूडवर, म्हणजे कच्च्या तेलावर, टनाला 23,250 रुपये विंडफॉल टॅक्स (भाव चढल्यानं कंपन्यांना झालेल्या आयत्या नफ्यावरचा कर) लागला, नंतर कमीजास्त होत डिसेंबर 2024 ला रद्दच झाला, ठीक आहे, भाव उतरले होते. पण एप्रिल 2025 मध्ये क्रूड अजून स्वस्त झालं तर पेट्रोल-डिझेलवरची एक्साइज (केंद्राचा उत्पादन कर) लिटरला 2 रुपयांनी वाढवली आणि पंपावरचा रेट जिथल्या तिथं, म्हणजे स्वस्ताई मधेच जिरली! ब्रिटनने नॉर्थ सी समुद्रातून तेल-गॅस काढणाऱ्या कंपन्यांच्या नफ्यावर 78 टक्क्यांपर्यंत टॅक्स नेला, तेवढं नको म्हणा. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी-टॉवेल नेणाऱ्या टेंपोवाल्यानं भाडं कमी करायचं तरी कशाच्या जोरावर? आधी एक्साइज उतरवा.

– एक वाचक, सोलापूर