डनब्लेनच्या शोकाचे पुढे काय झाले?

शाळेतील गोळीबारानंतर डनब्लेन आणि न्यूटाऊन ही दोन गावे शोकाला कशी सामोरी गेली, यावरील लघुमाहितीपटाचा परिचय रविवारच्या पुरवणीत वाचला. स्कॉटलंडमधील धर्मगुरूने अमेरिकेतील धर्मगुरूला लिहिलेल्या पत्राचा भाग हळुवारपणे आला आहे. मात्र लेख सांत्वनापाशीच थांबतो, हे पटले नाही.

डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत १३ मार्च १९९६ रोजी १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. मुले पाच-सहा वर्षांची. मी आयुष्यभर पहिलीला शिकवले; त्या वयाची मुले बाईंचा पदर सोडत नाहीत. मारेकऱ्याची शस्त्रे परवान्याचीच होती. म्हणून शोकग्रस्त कुटुंबांच्या स्नेह्यांनी सह्यांची मोहीम उभारली आणि तिला मार्चमध्ये फुलणाऱ्या इवल्या पांढऱ्या 'स्नोड्रॉप'चे नाव दिले. सात लाखांहून अधिक सह्या जमल्या. १९९७ मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली.

न्यूटाऊनच्या शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये २० मुले आणि सहा प्रौढ गेले. शस्त्र विकत घेणाऱ्याची पूर्वतपासणी अधिक व्यापक करावी, एवढा साधा प्रस्तावही एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये अडला. मते ५४ मिळाली, हवी होती ६०. मुले गमावलेले पालक त्यासाठी वॉशिंग्टनपर्यंत गेले होते. त्यांच्या शोकाविषयी लिहिताना हा नकारही लेखात यायला हवा होता.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा